रिकाम्या खोलीचं गणित

"पण खोलीत कुणीच नसेल तर?" मटार सोलता सोलता वहिनीने विचारलं.

पंडितचं पेन थांबलं. घरातल्या या शेंडेफळाला सगळे लहानपणापासून पंडितच म्हणत, कारण पहिला नंबर तिने कधी कुणाला घेऊच दिला नव्हता. विद्यापीठात तिने संगणकीय तर्कशास्त्र घेतलं, तर चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या वहिनीनेही त्याच वर्गात नाव घातलं. "नव्याचे नऊ दिवस," पंडित भावाला म्हणाली होती. पण वहिनी टिकली. टिकली ती टिकली, वर दर तासाला हात वर करून "का?" विचारायची. आणि मॅडम? पंडितचं नीटनेटकं उत्तर अर्धवट टाकून त्या "का?"पाशी खुर्ची ओढून बसायच्या! पंडितच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता शेवटचा प्रश्न होता. विधान सिद्ध करा, नाहीतर खोटं ठरवा. जो सोडवेल तो पुढच्या सत्रात मॅडमचा मदतनीस. जागा एकच, आणि पंडितचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. चिन्हांचं जंगल तोडून आत शिरलं तर गाभा एवढाच होता: खोलीतला प्रत्येक जण खूश असेल, तर खोलीत निदान एक जण तरी खूश आहे. इतकं उघड, तरी पानंच्या पानं लिहूनही सिद्धता तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम तिला शेवटच्या पायरीवर अडवत होता.

"कुणीच नसेल तर 'प्रत्येक जण खूश' हे खरंच ना गं?" वहिनी म्हणाली. "नाखूश म्हणून दाखवायला माणूस कुठंय? पण 'एक जण तरी खूश' हे खोटं. म्हणजे अख्खं विधानच खोटं. मी तसं लिहिलंय बघ."

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. आणि तेही मटार सोलताना सुचावं मेलीला!

"काहीतरीच काय वहिनी!" पंडित वहीत डोकं घालून म्हणाली. "खोलीत माणसं धरूनच चालायचं असतं. हसतील तुला. खोड ते."

वहिनी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुसले आणि लिहिलेलं खोडलं. आणि पुन्हा मटार सोलायला बसली.

निकालाच्या दिवशी मॅडम वर्गात म्हणाल्या, "रिकामी खोली एकटीलाच दिसली." त्यांनी पंडितला उभं केलं. पहिली टाळी वहिनीची. शेजारणीला कोपर मारून ती सांगत होती, "माझी नणंद आहे!"

बसथांब्यावर पंडितला राहवेना. "वहिनी, मी तुला त्या दिवशी..."

"माहितीये गं. तेव्हाच कळलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच तर बघते मी. तू एकदाही वर बघितलं नाहीस."

"मग खोडलंस कशाला?"

"त्या जागेपायी तुझं जेवणखाण सुटलं होतं. मला नाही मिळाली तर मी दोन दिवस चिडेन. तुला नाही मिळाली तर तू जन्मभर मला पाण्यात पाहशील, आणि राहायचंय एका घरात." वहिनीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पण एवढं एकदाच हं. पुढच्या सत्रात माझी उत्तरं तूच तपासणार. तेव्हा मी काही खोडणार नाही. आधीच सांगून ठेवते."

पंडितने माफी मागायला तोंड उघडलं, पण आतून वर आली ती तीच जुनी जळजळ. हेसुद्धा हिलाच जमावं!

बस आली. वहिनी पुढे होऊन चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर थोपटून म्हणाली, "ये, बस." पंडितने नकारार्थी मान हलवली आणि वरचा दांडा धरून ती घर येईपर्यंत उभीच राहिली.