पांढरा दाणा

दाण्याच्या टोकाशी हिरवट काहीतरी होतं... धूळ असेल. मुन्याओनं अंगठ्यानं घासलं, ते गेलं, आणि गेलं म्हणूनच तो दाणा त्याला खाली ठेववेना — धूळ जाते तशी बुरशीही जाते, म्हणजे दिसायची जाते. आत काय उरतं ते कुणाला दिसतं?

अंगणात सून म्बिथे उखळात मका कांडत होती. मुसळाचा ठोका तोच, त्याच्या बायकोचा, स्योकाऊचा... गेल्या सुगीत चोरांच्या भीतीनं साऱ्या गावानं मका ओलाच घरात आणला होता. यांची पोती तर खाटेखालीच. ती तापली, कुबट वास सुटला. स्योकाऊ म्हणाली, वासाचं काय, कांडला की जातो. तिनं टरफलं काढली, पुन्हापुन्हा धुतलं, सूप त्याच्यापुढे धरलं — "बघा, पोराच्या दुधाच्या दातांसारखा!" मग त्याची मुथोकोई शिजली, घेवडा घालून, आणि तो दूरच्या बाजारी गुरं घेऊन गेला होता म्हणून वाचला... परतला तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. ती गेल्यावर दवाखान्यातली बाई म्हणाली, कांडून, धुऊन, उकळूनही बुरशीचं विष पुरतं जात नाही.

"मामंजी, किती वेळ चोळताय तो दाणा? लग्न लावायचंय का त्याचं?"

"कुठल्या पोत्यातला गं हा?"

"यंदाच्याच. पत्र्यावर वाळवला तो. तुम्हीच तर राखणीला बसला होतात."

"मधे पाऊस झाला होता."

"चार थेंब! असं भ्यायलात तर पोरीनं काय दगड खायचे?" तिनं सूप पुढे केलं. "बघा तरी, कसा पांढराशुभ्र निघालाय."

पांढराच होता. सगळा फेकून दे म्हणावं? मग उद्या काय? आधी मीच खाऊन बघतो म्हणावं... पण एका घासानं काय कळणार? स्योकाऊही कितीतरी दिवस हसतखेळत जेवत होती.

ती गेल्यापासून त्यानं तिचं एवढंच जपून ठेवलं होतं — पुढे धरलेलं सूप, तिचं हसू, तो पांढरा ढीग. डोळा लागेपर्यंत तो तेच बघत पडायचा. आता सुनेच्या सुपाकडे बघताना त्याला स्योकाऊचं मनगट धरावंसं वाटलं, घट्ट, तिला दुखेल इतकं...

"आजोबा, चूल पेटवू?" नात कासिवा काटक्या घेऊन उभी होती.

त्यानं तिला उजेडात ओढलं, हनुवटी वर केली आणि तिचे डोळे बघत राहिला. पांढरेच होते — आणि त्यामुळेच तो जास्त भ्याला.