हॅलोबी हॉलचे गडप झालेले चार फूट

पुण्यात आर्किटेक्चर करून गिरिजा व्हर्जिनियात जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करायला आली, आणि दुसऱ्याच वर्षी तिला हॅलोबी हॉलचे नकाशे काढायचं काम मिळालं. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका खेड्यात बांधलेलं हे जमीनदाराचं घर. १९२७ साली एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतलं, तुळईन् तुळई सुटी केली, नंबर घालून जहाजाने आणली आणि इथे पुन्हा उभी केली. ‘प्रत्येक तुळई इंग्लंडची’ अशी पाटीच होती दाराशी.

दहाव्या दिवशी मापं जुळेनात. वरच्या मजल्यावरचा लांबलचक दिवाणखाना आतून एकसष्ट फूट भरला, बाहेरून सदुसष्ट. दोन्ही टोकांच्या भिंतींना फूट-फूट दिला तरी चार फूट गडप!

“जुन्या घरांच्या भिंती जाडच असतात गं,” सुमंतकाका म्हणाले.

सुमंतकाका अ‍ॅशबर्न गावात राहणारे, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. गेली सहा वर्षं ते इथे व्हॉलंटिअर म्हणून किरकोळ दुरुस्त्या करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी गिरिजाच्या पुढे केली होती. म्हणूनच हे वाक्य तिला जास्त बोचलं. लाकडी सांगाडा आणि मधे चुना-मातीचं भरण, अशी भिंत वीतभर जाड असते. इंजिनिअर माणसाला हे माहीत नसेल?

मग तिला एकेक दिसायला लागलं. मंगळवारी घर बंद, तरी काकांची गाडी मागच्या दाराशी उभी. शर्टाच्या बाहीवर भुसा. दिवाणखान्याच्या टोकाची भिंत ओकच्या कोरीव फळ्यांनी मढवलेली होती. त्यातल्या एका फळीचे स्क्रू कोरे करकरीत. ती फळीवर टकटक करून बघणार, तोच मागून आवाज आला, “तिकडे नको जाऊस. जमीन कच्ची आहे.”

त्याच जमिनीवर दुपारी पंचवीस पर्यटक उभे होते.

असल्या फळ्यांना चोरबाजारात गिऱ्हाईक असतं, हे तिने वाचलं होतं. दोन दिवस तिने ते मनात घोळवलं. शेवटी केयाला सांगितलं. केया इथली डायरेक्टर, जन्माने अमेरिकन, मराठी समजायची पण बोलायची इंग्रजीत, जेमतेम तिशीची. वर्षापूर्वीच रुजू झालेली.

“आर यू शुअर?” केयाने विचारलं.

“चार फूट कुठे गेले, ते त्यांना माहीत आहे. आणि ते खोटं बोलतायत. एवढं नक्की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केयाने सगळ्यांदेखत काकांकडून किल्ल्या मागून घेतल्या. काकांनी एकदाच गिरिजाकडे पाहिलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि म्हणाले, “चला. तुम्हीच बघा.”

फळी निघाली. मागे चार फुटांची चिंचोळी खोली होती, छपरापर्यंत उघडी. टॉर्चच्या उजेडात तुळया दिसल्या, आणि प्रत्येकीवर पटाशीने कोरलेली अक्षरं. इझाया टर्नर. मोझेस पेन. सी. विलिस. खाली १९२७.

“प्रवासात निम्मं छप्पर समुद्राच्या पाण्याने कुजलं,” काका सांगू लागले. “इथल्याच काळ्या सुतारांनी इथलाच ओक तासून हुबेहूब नवं केलं. नावं कोरली. मालकाने त्यापुढे फळ्या ठोकल्या. मला गळती शोधताना सापडलं. आधीच्या डायरेक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, बंद करून टाका, लोक इंग्लंड बघायला येतात. बंद केलं. पण वाळवी लागली होती. नावं जातील म्हणून मंगळवारी येऊन साफ करत होतो.”

गिरिजाला कुठे बघावं कळेना. “काका, मला सांगायचंत ना...”

“तू विचारलंस कुठे? तू मापं घेतलीस.”

केयाने हळूच विचारलं, “हू एल्स नोज?”

त्या तीन शब्दांनी गिरिजाच्या अंगावर काटा आला. आता संशय वेगळ्याच माणसावर: केयाही हे बंदच करून टाकणार? तिने नावांचे फोटो काढले, तिथल्या तिथे आपल्या प्रोफेसरांना पाठवले, आणि मग म्हणाली, “माय प्रोफेसर.”

केयाचा चेहरा क्षणभर आवळला. मग तिने सुस्कारा टाकला. “ओके. देन वी टेल एव्हरीवन.” तिच्या मनात आधी काय होतं, ते गिरिजाला कधीच कळलं नाही.

चार महिन्यांनी दाराशी त्या सुतारांच्या नावांची नवी पाटी लागली. टर्नरांची पणती दोन मुलांना घेऊन आली आणि बराच वेळ त्या अक्षरांवर हात ठेवून उभी राहिली. केयाने सुमंतकाकांना दोनदा फोन केला, माफी मागितली. ते परत आले नाहीत.

मग गिरिजा अ‍ॅशबर्नला गेली. काकांच्या बायकोने, शोभाकाकूंनी, दार उघडलं. काका बाहेर आले, हसले, खुर्ची पुढे केली.

“बसा,” ते म्हणाले.

तिने गाडीत घोकलेलं सगळं सांगितलं, चुकत, अडखळत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

“साखर किती घेता?”