हातोड्याला न दचकणारा वॉशर

मी लाकडी हातोडा बोलतोय. बोलतोय कसला, जन्मभर ठणाणाच केलाय! एका मोडक्या घराच्या उंबरठ्यातून आमच्या पेट्या बनवणाऱ्या मिस्त्रींनी मला तासून काढलं. आधी लोक मला ओलांडून जायचे, आता मला ऐकून दचकतात. बढतीच म्हणायची. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पत्र्याच्या पेट्या ठोकल्या, तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, नाहीतर अंगठ्यावर बसेन. मिस्त्रींच्या अंगठ्याला विचारा!

लोकांना दचकवणं हा माझा एकुलता एक छंद. एकदा तर गिऱ्हाइकाची कवळी निसटून पेटीत पडली होती. तो दिवस मी अजून जपून ठेवलाय.

मग आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलं. चार महिन्यांचं, पांढरंशुभ्र, एका डोळ्याभोवती काळं कडं. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका वखारवाल्यानं दिलेलं. त्या कड्यावरून मिस्त्रींनी नाव ठेवलं वॉशर. पहिल्याच दिवशी मी त्याच्या पाठीमागे पत्र्यावर असा काही बसलो की समोरचा टपालवाला उडाला. वॉशर आपला पंजा चाटत बसला. कानसुद्धा हलवला नाही! माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

आमच्या दुकानाची एक गंमत आहे. ठोकाठोकीत माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई हातांनी बोलतात. तळहात पुढे म्हणजे थांब. छातीवर थाप म्हणजे इकडे ये. सवय इतकी जुनी की आपण हातवारे करतो हे त्या दोघांच्या ध्यानातही नसतं. वॉशर ते बघून बघून शिकला. थांब म्हटलं की थांबायचा, ये म्हटलं की यायचा.

घर मात्र वर, लाकडी माळ्यावर. तिथे शांतता. तिथे हात गप्प बसायचे आणि तोंडं सुरू व्हायची. वॉशर पाठ करून बसायचा.

"दुकानात सगळं ऐकतो आणि घरात आला की बहिरा. अगदी तुमच्यावर गेलाय!" मिस्त्रीणबाई म्हणायच्या.

"माझ्यावर कसा? मी दुकानात तरी कुठे ऐकतो तुझं?"

एका दुपारी मिस्त्रींनी झोपलेल्या वॉशरला मागून उचललं. तो दचकून त्यांच्या मनगटाला चावला. वखारवाला तिथेच चहा पीत होता. म्हणाला, "हट्टी निघालं हो. रविवारी घेऊन जातो, वखारीत मोकळं सोडतो. तुम्हाला दुसरं देतो."

मिस्त्रींना शंका आली, याला ऐकू येतं की नाही? त्यांनी मला माळ्यावर नेलं आणि त्याच्या पाठीमागे धाडकन फळ्यांवर टाकलं. वॉशर टुणकन उठला.

"बघ! चांगलं ऐकू येतं. ढोंगी आहे लेकाचा."

मी क्षणभर खूश झालो, अखेर दचकला! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, त्याला मी ऐकू आलोच नव्हतो. पोटाखालची फळी थरथरली होती. माझ्या खोट्या साक्षीवर बिचारा ढोंगी ठरला, आणि मला ओरडून सांगता येईना.

मिस्त्रीणबाईंना मात्र ते पटलं नाही. "फळ्या हलल्या की हो! माझ्या तळपायाला कळलं, त्याच्या पोटाला कळणार नाही?"

वॉशर जाड गादीवर झोपेपर्यंत त्या थांबल्या. मग सावली पडणार नाही अशा लांब उभ्या राहिल्या, एका हातात पत्र्याचं झाकण अधांतरी धरलं आणि त्यावर मला दणादण हाणलं. आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या. शेजारीण धावत आली, "काय पडलं, काय पडलं?" वॉशर घोरत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी कान तपासले. "मळ नाही, सूज नाही. बहिरेपण जन्मापासूनच असावं. पक्कं कळायला मोठ्या दवाखान्यात यंत्रावर तपासावं लागेल. पण तुमचं वागणं आजपासून बदला."

घरी आल्यावर मिस्त्रीणबाईंनी तोंड सोडलं. "वखारीत दिवसभर ट्रक मागे येतात. याला तिथे सोडणार? हॉर्न कोणासाठी वाजवतील? सांगा ना! पहिल्याच आठवड्यात चाकाखाली..."

मिस्त्रींना ऐकवेना. त्यांनी तळहात पुढे केला. थांब.

बाई थांबल्या. आणि पाण्याच्या भांड्याकडे निघालेला वॉशरही जागच्या जागी थांबला.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. "अगं," मिस्त्री हळूच म्हणाले, "हा आपलं ऐकत नव्हताच कधी. बघत होता."

रविवारी वखारवाला आला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "नाही देणार. वाटलं तर महिन्यानं बघायला या."

मग दोघांनी कंबर कसली. उठवायचं तर आधी जमिनीवर पाय आपटायचा, मागून हात घालायचा नाही. शाबासकीला अंगठा वर, तोच बिचारा चेपलेला! रस्त्यावर पट्टा सुटायचा नाही. आणि दर चार पावलांनी मागे वळून बघितलं की खाऊ. हे शेवटचं शिकवताना मिस्त्री तीनदा चिडले, तीनदा माळ्यावर जाऊन बसले आणि तीनदा परत आले.

महिन्यानं वखारवाला आला. दार उघडं राहिलं, पट्ट्याचा आकडा निसटला आणि वॉशर थेट रस्त्याकडे सुटला. "अरे ए! थांब!" वखारवाल्यानं घसा फोडला. मिस्त्री ओरडले नाहीत. मोकळ्या जागी येऊन हात उंच धरून उभे राहिले. वॉशर धावला, धावला, आणि रस्त्याच्या कडेला त्यानं वळून बघितलं. तळहात पुढे. तो खाली बसला. त्याच्या मागून टेम्पो धुरळा उडवत गेला.

वखारवाल्यानं सुटलेला पट्टा उचलून मिस्त्रींच्या हातात दिला. मग म्हणाला, "माझ्या पोराला दोन्ही कानांनी ऐकू येतं, पण असं थांबत नाही हो."

तुमच्या घरी असं पिल्लू असेल, तर त्याला हट्टी म्हणायची घाई करू नका. दाखवायला न्या. आणि त्याच्या नजरेसमोर या, एवढं या म्हाताऱ्या हातोड्याचं ऐका.

माझं म्हणाल तर माझं तोंड आता झिजलंय, पण काम चालू आहे. पूर्वी मिस्त्री मला दिवसभर मुठीत धरून ठेवायचे. आता दर घटकेला खाली ठेवतात, कारण वॉशरशी बोलायला हात मोकळा लागतो. आडवं पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. पण यासाठी दिवसातून पन्नास वेळा ठेवा मला खाली. मी पडून बघत राहीन.