एक मिनिट उभे राहावे

त्या नाटकात नाटककाराची थोरली बहीण गेली तीस वर्षे मरत आली होती. दर हंगामात पंधरावीस वेळा, शिवाय परभाषांत, परनगरांत, महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत आणि दोन जाडजूड प्रबंधांत. इतक्या सातत्याने मेलेली ही बाई एका गुरुवारी सकाळी विमानतळाच्या दारातून दोन पिशव्या आणि दुखरे गुडघे घेऊन बाहेर आली, आणि मानद पदव्यांची झूल पांघरलेल्या आपल्या अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला सर्वांदेखत म्हणाली, "छोट्या, केस कुठे गेले रे तुझे?"

घरी पोहोचताच तिने पदर खोचला.

"भांडी कुठायत?"

"ताई, बस ना जरा."

"बसून कसं चालेल? तुझ्या भाच्यानं व्हिसाचा कागद वाचून दाखवलाय मला. नात्याच्या रकान्यात तू 'घरकामास मदतनीस' लिहिलंयस."

"कागदाला तसं लागतं. नातेवाईक म्हटलं की शंभर प्रश्न विचारतात."

"मी कुठे काय म्हणतेय? मदतनीस तर मदतनीस. पण रविवारची सुट्टी घेणार हं मी, आधीच सांगून ठेवते." आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की त्यालाही हसणे भाग पडले.

कागदाला तसे काहीही लागत नव्हते. लागत होते ते नाटककाराला.

सत्ताविसाव्या वर्षी तो या देशात आश्रय मागण्यासाठी एका काचेच्या खिडकीसमोर बसला होता. मायदेशी त्याच्या एकुलत्या एका नाटकाचे दोन प्रयोग झाले होते, आणि तिसरा सरकारने नव्हे, प्रेक्षकांनी बंद पाडला होता, न येऊन. तुमच्या जिवाला नेमका धोका कोणता, असे अधिकाऱ्याने विचारले. नाटककाराने सेन्सॉरविषयी सांगितले. अधिकाऱ्याने जांभई दिली. त्याने दडपशाहीविषयी सांगितले. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. तेव्हा नाटककाराला घरचे शिलाईचे दुकान आठवले. ते खरोखरच जळाले होते. जमावाने जाळले, तो म्हणाला. माझी बहीण आत होती. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले आणि पाण्याचा पेला खिडकीतून पुढे सरकवला. त्याच्या लेखणीला मिळालेली ही पहिली दाद.

दुकान जमावाने जाळले नव्हते. "पाचच मिनिटं लक्ष ठेव," असे बजावून ताईने त्याच्या हवाली केलेली तापलेली इस्त्री तो कापडावर तशीच टाकून मागच्या खोलीत एक संवाद लिहायला गेला होता. संवाद सुमारच होता. ताईने जळते तागे हातांनी ओढून बाहेर काढले, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले, आणि इस्त्री आपल्याकडूनच राहिली असे वडिलांना सांगितले. त्या हातांपायी तिचे ठरलेले लग्न मोडले. चार वर्षांनी झाले ते बिजवराशी. तिने खरे कधीच कुणाला सांगितले नाही, आणि त्यानेही तिचा शब्द मोडला नाही. आज्ञाधारकपणा म्हणतात तो हाच असावा.

अर्जात लिहिलेले पुढे नाटकात आले. ते मागे घेणे म्हणजे आश्रय, नाव आणि घर सारेच मागे घेणे. म्हणून तो ते पुढे पुढेच नेत राहिला. जाहिरातीत 'सत्यकथा' असा शब्द आला. प्रयोगाच्या शेवटी टाळ्या वाजवायच्या नाहीत, सर्वांनी मृत बहिणीसाठी एक मिनिट उभे राहायचे, हा प्रघात त्याचाच. दिग्दर्शक म्हणून त्याने ते मिनिट तालमीत घड्याळ लावून बसवले होते. चाळीस सेकंदांत प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येत नाही आणि ऐंशी सेकंदांत तो खोकू लागतो. दुःखाला साठ सेकंद पुरतात. या साठ सेकंदांवर विद्वानांनी लिहिले आहे. विद्वान कशावरही लिहितात.

दोन आठवडे त्याने ताईला बागा दाखवल्या, संग्रहालये दाखवली, एक तलावही दाखवला. "नाटक कधी दाखवतोस?" असे ती रोज विचारी, आणि तो रोज तिच्या गुडघ्यांकडे बोट दाखवी. अखेर नाट्यगृहाच्या व्यवस्थापिकेनेच घोळ केला. पाचशेव्या प्रयोगाच्या आसनांची यादी करताना 'मदतनीस बाईं'साठीही तिने एक खुर्ची राखून ठेवली. अगदी त्याच्या शेजारची. थोर लेखकाच्या घरच्या मोलकरणीलाही नाटक पाहता यावे, असे तिचे उदार मत होते.

रविवारी दुपारी पडदा वर गेला. पायमशीन, कापडाचे तागे, भिंतीवरचा आरसा. ताईने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"अय्या, आपलं दुकान! आरसासुद्धा तसाच."

"हळू बोल."

ती हळू बोलू लागली. ही मशीनवरची मुलगी छान आहे पण टाके घालता येत नाहीत हिला, वडील एवढे उंच कुठे होते, अशी तिची समीक्षा दीड तास चालली. कुठल्याही छापील समीक्षेपेक्षा ती अचूक होती. मग रंगमंचावर पलिते घेतलेली माणसे शिरली.

"हे कोण?"

"नाटकात घेतलेत."

"आपल्याकडे कुठे आले होते असले?"

"नाटक आहे, ताई."

"बरं."

तांबडा उजेड पसरला, मुलीची किंकाळी आली, अंधार झाला. पुन्हा उजेड आला तेव्हा सारे सभागृह उभे होते. ताईही पुढच्या खुर्चीचा आधार घेत कशीबशी उठली.

"राष्ट्रगीत आहे का?" ती कुजबुजली.

"नाही."

तिने आजूबाजूच्या झुकलेल्या माना पाहिल्या आणि आपलीही मान खाली घातली. थोडा वेळ गेला.

"कोण गेलं रे?"

दोन आठवडे रचून ठेवलेली उत्तरे त्याच्यापाशी होती. पण शेजारी ती हात जोडून, स्वतःसाठीच, प्रामाणिकपणे उभी होती, आणि अजून तीस सेकंद उरले होते. तीस सेकंद किती लांब असतात हे त्याला तालमीत कधी कळले नव्हते.

"तू," तो म्हणाला.

ती मिनिट संपेपर्यंत उभीच राहिली. मग खाली बसून गुडघे चोळू लागली.

"आणि इस्त्री?"

"इस्त्री नाही त्यात."

"त्या कचेरीतसुद्धा हेच सांगितलंस? मी जळाले म्हणून?"

"हो."

"म्हणून मी मदतनीस."

"हो."

"तरीच," ती म्हणाली.

लोक बाहेर पडू लागले होते. व्यवस्थापिका डोळे टिपत त्यांच्यापाशी आली. "या बाई किती निश्चल उभ्या होत्या! मी विंगेतून पाहत होते." मग तिची नजर ताईच्या हातांवर गेली आणि तिचा आवाज खाली आला. "विचारा ना त्यांना. त्यांचंही कुणी गेलंय का?"

ही माझी बहीण आहे. चार शब्दांचे वाक्य. त्या देशाच्या भाषेत तर तीनच शब्द पुरले असते, आणि त्या भाषेतल्या वाक्यरचनेसाठी त्याला पारितोषिके मिळाली होती. त्याने घसा खाकरला आणि तो ताईकडे वळला.

"ती विचारतेय, तुमचं कुणी गेलंय का."

'तुमचं' हे त्याच्या तोंडून आपोआप आले. ताईने ते ऐकले. शिवून झालेल्या कपड्यात सुटलेला टाका शोधावा तशी ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"सांग तिला," ती म्हणाली, "एक भाऊ होता."

त्याने सांगितले.

"अरेरे! कसा गेला?"

त्याने तेही विचारले.

"दुकानाला आग लागली, त्यात."

त्याने भाषांतर केले. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मायदेशातून या देशात त्याने जसेच्या तसे आणलेले हे पहिलेच वाक्य. व्यवस्थापिकेने ते दोन्ही भाजलेले हात आपल्या हातांत घेतले आणि ती त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहू लागली.

"यावर तुम्ही लिहिलंच पाहिजे," ती म्हणाली.

आणि लाज वाटण्याच्या आधी, पुरत्या एका क्षणाने आधी, नाटककाराच्या डोक्यात पहिला प्रवेश उभा राहिला.