पंधरा ओळी आणि एक केबल

दिनांक १० फेब्रुवारी २०२५, वार सोमवार, वेळ सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. स्थळ : जऊळका, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, येथील सार्वजनिक वाचनालयाची पूर्वेकडील खोली. या स्थळी व या वेळी सुमारे तीस माणसे एका टेबलाभोवती श्वास रोखून उभी होती. टेबलावर एक संगणक होता. संगणकासमोर एक गृहस्थ चष्मा पुसून, वही उघडून, क्षणभर डोळे मिटून बसला होता.

"चूप बसा ना बाप्पा," तुळसाबाई मागच्यांवर खेकसल्या. "मास्तर आता सुरू करून राह्यले."

"हे डबडं खरंच बोलते?" मागून एकाने विचारले.

"बोलते म्हणजे! मराठीत बोलते. पण मास्तरचाच हात लागा लागते."

गृहस्थाने वहीतल्या पंधरा ओळी एकेक करून टाइप केल्या. काळ्या चौकटीत पांढरी इंग्रजी अक्षरे भराभर वर सरकली. मग त्याने पडदा किंचित खिडकीपासून दूर वळवला, तो निमिषभर काळा झाला, पुन्हा उजळला, आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला : "स्क्रीन रीडर चालू आहे."

लोकांच्या तोंडून 'अबब' निघाले. एका वृद्धाने हात जोडले.

आता वाचकाला त्या गृहस्थाचा परिचय करून देणे माझे कर्तव्य आहे, आणि ते मला अत्यंत जड जात आहे. कारण तो गृहस्थ मी होतो. चौतीस वर्षे मराठीचा शिक्षक, वाचनालयाचा चिटणीस, आणि बुवाबाजीविरुद्ध एकोणपन्नास व्याख्याने दिलेला वक्ता. पन्नासावे व्याख्यान येत्या गुरुवारी मंगरूळपीरला व्हायचे होते. विषय : 'चमत्कार आणि कार्यकारणभाव'.

झाले होते ते असे. वाचनालयाला कुणीतरी एक जुना संगणक दिला. जुन्या यंत्रावर हलकी चालते म्हणून त्यात लिनक्स ही प्रणाली घातलेली होती. चित्र उत्तम दिसे. आवाज मात्र नव्हता. इतर कुणाचे त्यावाचून अडत नव्हते. वैष्णवीचे अडत होते.

वैष्णवी ही गावाशेजारी भाजीपाला पिकवणाऱ्या बापूरावांची मुलगी. वय तेवीस. जन्मापासून तिला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधारावर ती पदवीधर झाली आणि बावीस तारखेला तिची अकोल्यात बँकेची परीक्षा होती. सरावप्रश्नांतले तक्ते तिच्या मोबाइलवर नीट वाचले जात नसत. या संगणकावर वाचले जात. मात्र त्यासाठी संगणकाला वाचा फुटायला हवी होती.

ती मी फोडली. दोन दिवस इंटरनेट धुंडाळून, जगभरच्या अनोळखी मंडळींनी एकमेकांना दिलेले सल्ले मी वहीत उतरवले. त्यांतल्या एकाही ओळीचा अर्थ मला कळला नव्हता. परंतु पंधरावी ओळ संपल्यावर यंत्र बोलले, आणि ज्या मनुष्याने एकोणपन्नास व्यासपीठांवरून 'आधी हे झाले आणि मग ते झाले, म्हणून यामुळे ते झाले असे ठरत नाही' हे वाक्य टाळ्या घेऊन म्हटले होते, त्याने कृतार्थ होऊन वही मिटली.

पुढे नियम आले. ओळ गाळायची नाही. मोबाइल खोलीबाहेर ठेवायचा, कारण एकदा तो वाजला त्या दिवशी आवाज आला नव्हता. खुर्ची तीच, निळी. आणि यंत्र बोलेपर्यंत माझ्याखेरीज त्याला कुणी हात लावायचा नाही. तुळसाबाई आपला मुका झालेला रेडिओ घेऊन आल्या तेव्हा 'हे माझे क्षेत्र नव्हे' असे मी म्हणायला हवे होते. मी तो कानाशी धरून 'हं' म्हटले.

अडचण एकच होती. वीज गेली की यंत्र बंद पडे, आणि पुन्हा सुरू केल्यावर ते मुके असे. दुपारी वीज जाई, तेव्हा मी घरी जेवून निजलेला असे. वैष्णवीला दिवसाचा एखादा तास मिळे.

त्या सोमवारी बापूरावांनी विषय काढला. "सर, तुमी बुधवारी जानार मंगरूळपीरले. येनार कवा?"

"शनिवारी."

"मंग पोरीनं चार दिवस काय करावं? परीक्षा बारा दिवसांवर आली."

"सर, वही देऊन ठेवा मले," वैष्णवी म्हणाली. "बाबा वाचून दाखवतीन, मी टाइप करीन."

"वैष्णवी," मी म्हणालो, "एका अक्षराची चूक झाली तरी यंत्र कायमचे बिघडू शकते. अर्धवट हाती पडलेले ज्ञान घातक असते."

"म्हणजे गुरुमंत्रच झाला ना सर. कानात घ्याचा, दुसऱ्याले सांगाचा नाही."

लोक हसले. मी हसलो नाही. "हा मंत्र नव्हे, हे शास्त्र आहे!"

"मंग अकरावी ओळ काय करते, सांगा."

मी वहीत पाहिले. तीस माणसांनी माझ्याकडे पाहिले.

"अकरावी ओळ," मी म्हणालो, "दहावीनंतर येते."

"बरोबर आहे," तुळसाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "शाळेतई तसंच शिकवत."

वैष्णवी मात्र सोडणारी नव्हती. "सर, मी आठ दिवसांपासून तुमच्या बाजूले बसून ऐकून राह्यली. तुमी पंधरा ओळी टाइप करता, तवा काहीच होत नाही. मंग टेबल करकरते. मंग मागं कुठंतरी बारीक 'टक्' वाजते. अन् मंगच ते बोलते."

"टेबल करकरते ते मी पडदा खिडकीपासून दूर वळवतो म्हणून. त्यावर उजेडाची तिरीप येते, शेवटची ओळ वाचता येत नाही. ती क्रिया केवळ आनुषंगिक आहे."

"तं मंग एक डाव आनुषंगिक सोडून पाहा."

हे आव्हान मी इतरांना आजवर शेकडो वेळा दिले होते; ते स्वीकारण्याचा प्रसंग पहिलाच. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. खुर्ची निळी, मोबाइल बाहेर, पंधरा ओळी अचूक. पडद्याला स्पर्श नाही. आम्ही थांबलो. बाहेरून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. यंत्रातून काहीही आले नाही.

"आज खोलीत माणसे फार आहेत," मी म्हणालो, "त्यामुळे कदाचित—"

आणि मी थबकलो. हे वाक्य मला पाठ होते. भोंदू बाबाचा प्रयोग फसला की त्याच्या तोंडी हेच वाक्य घालून, नक्कल करून, मी सभा हसवत असे. आज नक्कल इतकी हुबेहूब साधली होती की कुणी हसले नाही.

"आता दुसरा प्रयोग," वैष्णवी म्हणाली. "पुन्हा चालू करा. बाबा, तुमी बसा."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"म्हणूनच बसा. इंग्रजी अक्षरात भाज्यायची नावं लिहा."

बापूराव हात धोतराला पुसून निळ्या खुर्चीवर बसले. एका बोटाने, अक्षर शोधत, त्यांनी मेथी लिहिली. यंत्राने अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नसल्याचे इंग्रजीत कळवले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, लिहिला; वांगे लिहिले. यंत्राने तितक्याच सभ्यपणे तेच कळवले. मग वैष्णवीने हात पुढे करून पडदा चाचपला आणि खिडकीपासून दूर वळवला. टेबल करकरले. टक्. पडदा काळा झाला, उजळला.

"स्क्रीन रीडर चालू आहे."

"व माय!" तुळसाबाई ओरडल्या. "वांग्यानं बोललं!"

खोलीत असा हशा उसळला की बाहेरचे लोकही आत आले. मी मात्र टेबलामागे गुडघे टेकून बसलो होतो. वैष्णवीचा हात आधीच तिथे पोचला होता. पडद्यापासून यंत्राकडे जाणारी जाड केबल तिने माझ्या बोटांना दाखवली. तिचे टोक खोबणीत ढिले बसले होते. पडदा वळला की ते निसटे आणि पुन्हा बसे.

मग मी ते केले, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते : यंत्राच्या सेटिंगमधले 'आवाज' हे पान उघडून वाचले. तिथे आवाजाला बाहेर पडायला दोन वाटा लिहिलेल्या होत्या. एक स्पीकरची, दुसरी, जिची मला कल्पनाही नव्हती, चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची. ते कार्ड त्या जाड केबलमधून चित्राबरोबर आवाजही पाठवते. सुरू होताना यंत्र दुसरी वाट धरी आणि सगळा आवाज पडद्याकडे धाडी. पडद्याला स्पीकरच नव्हता. यंत्र मुके नव्हते. ते इतके दिवस एका बहिऱ्या भिंतीशी बोलत होते. केबल निसटली की ती वाट बंद होई, आवाज स्पीकरकडे वळे, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तिकडेच राही.

मी पानावर 'स्पीकर' निवडला आणि केबल घट्ट बसवली. यंत्र तीनदा बंद करून तीनदा सुरू केले. तिन्ही वेळा कुणीही काहीही न लिहिता ते बोलले.

माझ्या पंधरा ओळींची छाननी मी त्याच दुपारी केली. चार ओळी भलत्याच बनावटीच्या ग्राफिक्स कार्डासाठी होत्या. तीन ओळी आधीच चालू असलेल्या गोष्टी चालू करत होत्या. सात ओळींना यंत्र रोज 'ही आज्ञा मला ठाऊक नाही' असे स्वच्छ उत्तर देत होते आणि ते उत्तर मी स्तोत्राचा भाग समजत होतो. आणि ती अकरावी ओळ? ती यंत्राला 'मी कोण?' एवढेच विचारत होती. उत्तरादाखल यंत्र रोज माझे नाव छापत होते.

वाचकहो, ही कथा मी दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवू शकलो असतो. परंतु बुवा नेहमी दुसऱ्या गावचाच असतो, या समजुतीनेच आपण फसतो. माझ्यापाशी भगवी वस्त्रे नव्हती, हेतू वाईट नव्हता, हातात यंत्र होते आणि ओठांवर विज्ञान. तरीही तीस माणसे आणि मी स्वतः फसलो, कारण फळ दिसताच कारण शोधणे मी थांबवले. म्हणून एवढेच मागणे आहे : एखादी गोष्ट घडली की एकेक कृती वगळून ती पुन्हा घडते का, ते पाहा, आणि हे पाहू न देणारा मनुष्य कितीही विद्वान असला, तरी त्याला हात जोडू नका.

गर्दी पांगल्यावर वैष्णवी निळ्या खुर्चीवर बसून प्रश्न ऐकू लागली. मी बराच वेळ दाराशी घुटमळलो. शेवटी न राहवून विचारले, "वैष्णवी, स्पष्ट सांग. मी तुला बुवा वाटलो का?"

तिने आवाज थांबवला.

"नाही सर. बुवाले माहीत राह्यते की आपन फसवून राह्यलो. तुमाले माहीत नव्हतं. पण माहीत नाही असंई तुमी म्हटलं नाही, अन् त्यात माहे आठ दिवस गेले."

मग ती पडद्याकडे वळली आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.