तिसऱ्याचा टोमणा

बान्से सरांची शवपेटी अजून अंगणातच आहे, असा निरोप आला तेव्हा मी विद्यापीठात त्यांचाच सिद्धान्त शिकवत होते. खडू खाली ठेवला आणि पोरांना म्हटलं, "आजचा तास सरांच्या घरी."

भांडण काय आहे ते वागाडुगूला, साऱ्या राजधानीला ठाऊक होतं. थोरला मुलगा फाब्रिस फ्रान्समधल्या ल्योंहून आलेला. त्याला बाप राजधानीत पुरायचा होता. मंत्री, राजदूत, बँड, सगळ्या थाटात. सरांचे धाकटे भाऊ ग्रेग्वार गरांगोहून गावकऱ्यांना घेऊन आलेले. त्यांना भाऊ गावच्या मातीत, आईशेजारी हवा होता. पाद्रीबाबांनी समजावून पाहिलं, कुलगुरूंनी पाहिलं, शेवटी दोघांनीही हात टेकले. काका-पुतणे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

सर बिसा, मी गुरुन्सी. आमच्या या दोन जमातींचं चेष्टेचं नातं आहे, पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं. आम्ही बिसांना शेंगदाण्यांच्या हावरेपणावरून छळायचं, त्यांनी आम्हाला दुसऱ्या कशावरून. मात्र रागवायचं नाही, मयतीतही नाही. रागावला तो हरला, मग समोरचा सांगेल तो दंड मुकाट्याने भरायचा.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. मी म्हटलं, "नेबिए."

"नेबिए? म्हणजे माझ्याच गुलामाची पोर. ये, पहिल्या बाकावर बस."

"बसते सर, पण आधी खिशातल्या शेंगा लपवा," मी म्हटलं. वर्ग गार पडला. सर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि तिथून पुढे मरेपर्यंत मला त्यांनी पहिल्या बाकावरून उठू दिलं नाही.

या चेष्टेतूनच त्यांनी जगाला आपला सिद्धान्त दिला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं लोक म्हणतात. सर उलट म्हणायचे: तिसऱ्याचा टोमणा, दोघांचा लाभ. भांडणाऱ्या दोघांना शहाण्याचा उपदेश जोडत नाही. तिसरा कुणीतरी हक्काने दोघांनाही एकदमच हिणवतो, तेव्हा ते पुन्हा एका बाजूचे होतात. यावर परदेशात ग्रंथ निघाले, परिषदा झाल्या. नाकं मुरडणारेही निघाले. चेष्टा ही चेष्टेपुरती, खऱ्या रागापुढे ती टिकायची नाही, असं त्यांचं म्हणणं. भर सभेत कुणी असं विचारलं की सर म्हणायचे, "माझ्या मयतीला या, तिथे बघू."

आणि आता मयतीतच खरा राग पेटला होता. तो विझला नसता, तर सरांबरोबर त्यांचा सिद्धान्तही पुरावा लागला असता. मला त्याचीच धास्ती होती.

वाटेत भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी घेतली. अंगणात शिरले, गर्दीतून थेट पुढे गेले आणि पेटीवर बूड टेकलं.

"माझा गुलाम मेला तो कुणाला विचारून?" मी मोठ्याने म्हटलं.

मागच्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. फाब्रिस पुढे आला. "मॅडम, प्रसंग काय, तुम्ही करताय काय? उठा."

"तू कोण?"

"मुलगा त्यांचा."

"म्हणजे गुलामाचं पोर. आणि तो कोपऱ्यातला फुगलेला? तोही शेंगखाऊच दिसतो. दोघं एका पेटीसाठी भांडताय, आत शेंगा भरल्यात असं वाटलं की काय?"

ग्रेग्वारकाका हसले नाहीत. या माणसाने माझी चेष्टा कधी वाया जाऊ दिली नव्हती, आणि आज त्यांनी मान फिरवली. दारात माझे विद्यार्थी उभे होते, त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"एक फ्रान्सहून आला, एक गरांगोहून, आणि दोघांना मिळून एक माणूस पुरता येईना," मी म्हटलं. "बरोबरच आहे. बिसांना जमिनीत फक्त शेंगा पेरता येतात. माणूस पुरायचा तर गुरुन्सीच लागतात."

फाब्रिसचा तोल गेला. "पुरे झालं," तो ओरडला, माझ्या हातातली पिशवी हिसकली आणि भिरकावली. दाणे अंगणभर उडाले.

बिसा माणूस गुरुन्सीवर रागावला होता, तोही सख्ख्या बापाच्या पेटीसमोर. गरांगोच्या म्हाताऱ्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात ग्रेग्वारकाका उठले. वाकून एक दाणा उचलला, फुंकर मारली, तोंडात टाकला.

"भाजलेत बरे," ते म्हणाले. "पण मीठ विसरलीस, गुरुन्सी. तुमच्या घरात अक्कल आणि मीठ एकदम संपतं वाटतं." मग त्यांनी फाब्रिसच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगा आमचा आहे. परदेशात वाढला, वळण लावायचं आमचंच राहून गेलं. दंड मला सांग."

"काका, तुम्ही का? चूक माझी आहे," फाब्रिस म्हणाला.

"तू गप रे. घरातला आहेस."

एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. पेटीवर बसल्या बसल्या मी आतल्या माणसाला बोटाने टकटक केली.

"दंड असा," मी म्हटलं. "माझ्या गुलामाला त्याच्या आईशेजारी ठेवा. आणि मंत्र्यांना म्हणावं, यायचं तर गरांगोला या."

फाब्रिस पेटीकडे बघत हळूच म्हणाला, "आणि बँड?"

"तोही न्या. शेंगखाऊ वाजवल्याशिवाय चालतात कुठे?"

पहिले हसले ते ग्रेग्वारकाका. मग सारं अंगण हसलं, आणि पोरगा हसता हसता काकाच्या गळ्यात पडून हमसून रडला.

गरांगोची वाट म्हणजे वरातच झाली. पुढे बँड, मागे मंत्र्यांच्या गाड्या, त्यामागे माल वाहायच्या ट्रकमधून आम्ही. चौकाचौकांत गुरुन्सी लोक ओरडत होते, "कुठे पळवताय आमच्या गुलामाला?" आणि बिसा बायका ट्रकवरून त्यांना चोख उत्तरं देत होत्या. नाक्यावरचा हवालदार बादो आडनावाचा, म्हणजे आमच्यातलाच गुरुन्सी निघाला. त्याने शववाहिनीच अडवली. "शेंगा दिल्याशिवाय बिसा पुढे जायचा नाही," म्हणाला. फाब्रिसने स्वतः उतरून त्याची टोपी भरून दिली. ज्या सिद्धान्ताला परदेशी पंडित पुरावे मागत होते, तो रस्त्याने वाजतगाजत चालला होता, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

खड्ड्याशी मी मूठभर दाणे टाकले. बिसाच्या मयतीत गुरुन्सीने रडायचं नसतं, हसवायचं असतं. मला ते जमलं नाही. मी घाईने बाहीने डोळे पुसले, पण फाब्रिसने पाहिलंच.

"काय गं गुरुन्सी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक गेला म्हणून रडतेस होय? रडू नकोस. तुला राबवायला मी आहे ना."

गरांगोच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मला रागवता येणार नव्हतं, आणि रागवायचंही नव्हतं. सर असते तर त्यांनी या पोराला पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी बसवलं असतं.