उत्तम वाचकाची शाल

गोमाजीने उभ्या आयुष्यात एकही कादंबरी उघडून पाहिली नव्हती, तरी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा 'उत्तम वाचक' तोच होता. तीन वर्षांमागे भर सभेत त्याला शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्याच दिवशी फुटला. शाल मात्र तेव्हापासून खांद्यावरून उतरली नाही. लग्नाला शाल, मयतीला शाल, पवनीच्या बाजारात मिरच्या घ्यायला जायचं तरी शाल. श्रावणाच्या उकाड्यातही ती घडी करून डाव्या खांद्यावर असायचीच.

रंभाबाई हे पाहायची आणि पदराआड हसायची. त्याला उत्तम वाचक केलं होतं तिनेच. ती वाचनालयाची सेविका. झाडणं, पिण्याचं पाणी भरणं, कपाटं उघडणं आणि देवघेवीचं रजिस्टर लिहिणं, सगळं तिच्याकडे. गावात पद्धत अशी की एका घराचं एकच कार्ड, आणि तेही घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाचं. म्हणजे कादंबरी वाचणार गोमाजीची बायको शकुबाई, आणि रजिस्टरात चढणार गोमाजी. एकदा वरून साहेब आले आणि म्हणाले, सगळ्यात जास्त पुस्तकं नेणाऱ्याचा सत्कार करा. रंभाबाईने बेरीज केली. गोमाजीच्या नावावर वर्षाच्या एकसष्ट कादंबऱ्या निघाल्या. कोणालाच नवल वाटलं नाही. गोमाजीलाही नाही. त्याने तर वाचनाने माणसाची नजर साफ होते यावर दहा मिनिटं भाषण दिलं, आणि घरी येऊन विजेचं बिल शकुबाईकडून वाचून घेतलं.

रंभाबाईचं डोकं मुळातच हिशेबी, पण तिच्या खात्यात माणसं असायची. शकुबाई शेवटचं पान आधी वाचते. कोण मरणार ते ठाऊक असलं की मग निवांत रडता येतं, असं तिचं म्हणणं. सुशीलाबाई, म्हणजे वाचनालयाच्या सचिवाची, राजकुमारची बायको, अर्ध्यावर भांडायला येते: "त्या सासऱ्याले कायले मारून टाकलं वो? तो तर बरा होता." जणू रंभाबाईनेच त्याचा गळा दाबला. आणि अध्यक्ष श्यामरावांची सून रिता. ती बी.ए. झालेली, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. माहेरी नागपूरला गेली की पिशवीभर नव्या कादंबऱ्या घेऊन यायची, वाचून झाल्या की वाचनालयात ठेवायची.

या नव्या कादंबऱ्यांवरून दुपारच्या वेळी वाचनालयाच्या मागच्या पायरीवर जे चालायचं, ते पुरुषांच्या सभेत कधी चाललं नसेल.

"ही काय कादंबरी आहे व्हय?" शकुबाई रिताला म्हणायची. "बाई घरातून निघते, बसमंधी बसते, अन् पुस्तक खतम. कुठं गेली ते सांगाले लाज वाटते का लिहिनाऱ्याले?"

"ते आपण ठरवायचं, मावशी."

"मीच ठरवू तर त्याले कायले लिहाले लावलं?"

मग शकुबाई सूड म्हणून तिला एखादी जुनी, विटेएवढी जाड, पिवळ्या पानांची कादंबरी द्यायची. त्यातल्या एकीची शेवटची आठ पानं वाळवीने खाल्ली होती. रिता ती वाचून तीन दिवस बेचैन झाली, तेव्हा शकुबाई गालात हसली. "आता समजलं? बसमंधी बसवून सोडलं का जीवाले कसं होते ते." पण पुढच्या आठवड्यात तिनेच ती बसमधली बाई पुन्हा मागून नेली.

कोणी कोणती वाचली याची खूण असावी म्हणून बायकांनी एक रीत काढली होती. कादंबरी वाचून झाली की मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कपाळाची टिकली चिकटवायची. शकुबाईची काळी, बारीक. रिताची हिरव्या खड्याची. सुशीलाबाईची रुपयाच्या नाण्याएवढी मोठी, लाल. रंभाबाई स्वतः विधवा. पण तिनेही दुकानातून तपकिरी टिकल्यांचं एक पाकीट आणलं होतं, खास पुस्तकांसाठी. कपाळाला लावू नको म्हणणारे पुष्कळ होते, पुठ्ठ्याला लावू नको म्हणणारा अजून कोणी जन्मला नव्हता.

वाचनालयाच्या वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी राजकुमारने तिला हाक मारली. राजकुमारचं खताचं दुकान होतं आणि त्याला प्रत्येक गोष्टीत पोत्याने विचार करायची सवय होती.

"रंभाबाई, कादंबऱ्यांची यादी करा. सगळ्या. दोन्ही कपाटं खाली करायची आहेत."

"कायले जी?"

"रद्दीत काढायच्या. रविवारच्या सभेत ठराव, सोमवारी पवनीचा रद्दीवाला येऊन राहिला. तिथं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवू. पोट्टे नोकरीले लागतीन. या कादंबऱ्या वाचून कोणाचं भलं झालं?"

"कॅरम खेळून कोणाचं झालं?" रंभाबाईने खोलीच्या मधोमध मांडलेल्या कॅरमकडे बोट दाखवलं. त्याच्याभोवती चार खुर्च्या, आणि त्या चार खुर्च्यांत सकाळ-संध्याकाळ तीच चार माणसं. "दोन कपाटाची जागा तर तोच खाते."

"तुमी सेविका आहा, सभासद नाई," राजकुमार म्हणाला. "सांगितलं तेवढं करा. नाईतर दुसरी सेविका भेटते."

रंभाबाईने यादी केली. चारशे बारा कादंबऱ्या, सहा पानं, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक नाव लिहिताना ती कादंबरी ज्या घरी जाऊन आली होती ते घर तिला आठवायचं. गेल्या अठरा वर्षांत तिने नवरा पोचवला, एक मुलगी दिली, आणि या दोन कपाटांच्या बळावर एकेक दुपार काढली. किल्ली कमरेला होती. ती काढून द्यायची म्हणजे उद्यापासून प्रत्येक दुपार रिकामीच.

यादी घेऊन ती शकुबाईकडे गेली. शकुबाईने सहाही पानं वाचली, शेवटचं आधी.

"आपन सभेले जाऊ," रंभाबाई म्हणाली.

"जाऊन काय करू? हात वर कराचा तर कार्ड पायजे. कार्ड त्यायच्या नावाचं."

"मंग?"

शकुबाईने ओसरीवर वाळत घातलेल्या शालीकडे पाहिलं. गोमाजी ती दर शनिवारी धुवायला लावायचा.

"मंग ज्यायच्या नावाचं आहे त्यायलेच इचारू ना," ती म्हणाली. "तुह्या रजिस्टरात काय म्हनते?"

रविवारी सकाळी वाचनालयात तेवीस सभासद जमले. सगळे पुरुष. कॅरम भिंतीला लावून ठेवला होता. दारात, पायरीवर आणि खिडकीबाहेर बायका उभ्या होत्या. "पाहाले आलो," एवढंच त्या विचारणाऱ्याला सांगत होत्या. श्यामराव खुर्चीत बसले, चष्मा पुसला. राजकुमारने ठराव वाचला: सदर कादंबऱ्यांचा सभासदांकडून गेली काही वर्षे वापर होत नसल्याने त्या निर्लेखित करून विकण्यात याव्यात.

"कोणाचं काही म्हणणं?" श्यामरावांनी विचारलं.

"अहवाल वाचाचा रायला, जी," रंभाबाई कोपऱ्यातून म्हणाली. "आधी अहवाल, मंग ठराव. दरसाल तसंच होते."

हे खरं होतं. दरसाल तो अहवाल रंभाबाई वाचायची आणि कोणी ऐकायचा नाही. श्यामरावांनी मान हलवली.

तिने रजिस्टर उघडलं. आवाज चढवला नाही. "मागच्या वर्षी कादंबऱ्या नेनारे सभासद. गोमाजी, अठ्ठावन्न. अध्यक्ष श्यामरावजी, सत्तेचाळीस. सचिव राजकुमारभाऊ, एकोनचाळीस…"

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हसलं. "वा रे सचिव. खत कधी विकतेस गा?"

"थांबा," राजकुमार म्हणाला. "मी एकही नाई नेली."

"कार्ड तुमचं, नंबर तुमचा. खाली सही तुमची, दरसालची." रंभाबाईने पान त्याच्यापुढे धरलं. "हाच अहवाल अनुदानासाठी वर जाते ना? का वेगळा जाते?"

राजकुमारने सहीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर अहवाल खोटा, हो म्हणावं तर ठराव खोटा. त्याने मधली वाट काढली. "नावं नुसती लिहिली असतीन. वाचलं कोनं? सबूत आहे?"

रंभाबाई उठली. कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं, हाताला येईल ती कादंबरी काढली आणि मागचा पुठ्ठा उघडून टेबलावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. आतल्या बाजूला टिकल्यांच्या रांगा. काळ्या, हिरव्या, तपकिरी, लाल.

राजकुमार वाकला. ती मोठी लाल टिकली तो ओळखत होता. रोज सकाळी दाढी करताना ती आरशावरून नखाने खरवडावी लागायची. त्याने दाराकडे पाहिलं. सुशीलाबाई तिथेच उभी होती, कपाळावर तीच. तिने मान खाली घातली नाही.

श्यामरावांनीही दुसऱ्या पुठ्ठ्यावरचा हिरवा खडा पाहिला. "रिता," ते म्हणाले, "तुझा तर परीक्षेचा अभ्यास चालू आहे ना?"

"चालू आहे, मामाजी. तोही करते, हेही वाचते. परीक्षेची पुस्तकं पाहिजेतच, मी स्वतः यादी देते. पण ती ठेवायला ही काढायची, हे कोणी सांगितलं? कॅरम काढा."

कॅरमवाले चौघे एकदम सावरून बसले.

राजकुमारला आता एकच आधार दिसला. "ठीक आहे. बायकाइनं वाचल्या असतीन, पन त्या सभासद नाईत. आमच्यात वाचनारा एकच, उत्तम वाचक. त्यायनं सांगावं. काय गोमाजी, या कादंबऱ्या ठेवाच्या लायकीच्या आहेत का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. गोमाजी उभा राहिला. खांद्यावरची शाल सारखी केली. सत्काराच्या दिवशी केली होती तशीच.

"वाचन म्हनजे," त्याने सुरुवात केली, "नजर—"

"ते नाई वाचत." शकुबाई दारातून आत आली होती. वाचनालयाच्या आत, भर सभेत, पहिल्यांदाच. "एकबी नाई वाचली त्यायनं. अठ्ठावन्नबी मीच वाचल्या, अन् त्याच्या आधीच्या एकसष्टबी मीच. शाल माही आहे."

 रंभाबाईने गोमाजीच्या खात्यावर मनात बरंच काही लिहून ठेवलं होतं: मोठेपणाचा भुकेला, बायकोच्या जिवावर शहाणा. आता तो चिडून घरी जाणार आणि संध्याकाळी शकुबाईच्या घरातून भांडी वाजणार, असा तिचा अंदाज.

गोमाजीने शाल खांद्यावरून काढली. हातात धरून उभा राहिला.

"नाई वाचली," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू. पन आयकली तर आहे. जेवाले बसलो का बुढी सांगते. रोज एक तुकडा. अन् ऐन मोक्यावर उठून भांडे घासाले जाते." कोणी हसलं, त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. "आता ते बसवाली चालू आहे. त्या बाईनं बॅग भरली, लेकराच्या उशाशी पानी ठेवलं, अन् दाराशी उभी आहे. काल तिथपर्यंत आली. तुमी म्हनता उद्या विकून टाकू. मंग ते बाई बसमंधी बसली का नाई, हे मले रद्दीवाला येऊन सांगन का?"

"बसते," शकुबाई म्हणाली.

"तू चूप राह्य. मी जेवताना आयकीन." आणि राजकुमारकडे वळून: "माह्या कार्डाचा हात खालीच आहे. लिहून घ्या."

हात मोजले. ठरावाच्या बाजूने सात. त्यातले चार कॅरमवाले, आणि ते कॅरम वाचवायला उठले होते हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. राजकुमारचा स्वतःचा हात अर्ध्यावर गेला, दाराकडे पाहून परत आला.

श्यामरावांनी ठराव नामंजूर म्हणून लिहायला सांगितलं आणि उठायला लागले, तोच शकुबाईने रंभाबाईपुढचा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ओढला.

"माह्या नावाचं कार्ड लिह्य."

"ते कमिटीत ठेवा लागते," राजकुमार म्हणाला. "पुढच्या सभेत पाहू."

"पुढच्या सभेत मी हात वर करीन, तवा पाहाल," शकुबाई म्हणाली. "लिह्य वो रंभा. नुसतं शकुबाई. मधात कोनाचं नाव नोको."

रंभाबाईने लिहिलं. मागे सुशीलाबाई येऊन उभी राहिली, तिच्यामागे रिता, आणि रांग पायरीपर्यंत गेली. राजकुमार नियमांचं पुस्तक शोधायला लागला. ते कादंबऱ्यांच्याच दुसऱ्या, बंद कपाटात, तळाशी होतं, आणि किल्ली रंभाबाईच्या कमरेला. तिला ती तेव्हा काही केल्या सापडेना. शेवटचं कार्ड तिने स्वतःचं लिहिलं. दुसरी सेविका आणायची तर खुशाल आणा; सभासदाला बाहेर काढायला वेगळा ठराव लागतो, हे तिला अठरा वर्षांत पाठ झालं होतं.

गोमाजी शाल हातात घेऊन तसाच ताटकळला होता. शकुबाईने ती घेतली, घडी उलगडली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि घराकडे निघाली. तो चार पावलं मागून. वळणावर त्याने काहीतरी विचारलं, तिने मान हलवून नाही सांगितलं. जेवायला अजून वेळ होता.

सोमवारी पवनीचा रद्दीवाला गाडी आणि काटा घेऊन दारात उभा राहिला.

"दोन क्विंटल सांगितलं होतं," तो म्हणाला.

रंभाबाईने त्याला सहा पानं दिली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. "हे घे. एवढंच निघालं."

त्याने ती काट्यावर टाकली. काटा हलला नाही.